बघू नकोस सांगितलं होतं ना? जपानी मिथकं आणि आजच्या फॅन्टसी प्रेमकथा

गेल्या दिवाळीत माझी भाची आठवडाभर राहायला आली होती. वय पंधरा. फराळाच्या डब्यांपेक्षा माझ्या पुस्तकांच्या कपाटावर तिचा जास्त डोळा. थिसिससाठी जमवलेल्या कादंबऱ्यांतली एक तिनं उचलली, मागचं कव्हर वाचलं आणि म्हणाली, "मावशी, ही तर लव्हस्टोरी आहे. याला तू अभ्यास म्हणतेस?"

म्हटलं, थांब. ही कादंबरी ज्या गोष्टीवर उभी आहे, ती आधी ऐक. मग तिला जपानमधली सगळ्यात जुनी नवरा-बायकोची गोष्ट सांगितली. मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात गेलेला नवरा, 'माझ्याकडे बघू नकोस' ही तिची अट, त्याचं बघणं, तिचा संताप, आणि शेवटी दोघांच्या मध्ये त्यानं लावलेली धोंड. भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण बघितलं त्यानं ना? मग लाज तिला का वाटली? आणि कोंडून कोण राहिलं? तीच."

खरं सांगते, मी चकलीचा तुकडा हातात धरून तशीच बसले. तीन वर्षं मी या विषयावर काम करतेय. माझ्या प्रपोजलमध्ये हाच प्रश्न दीड पान खाऊन बसलाय, आणि हिनं तो तीन वाक्यांत विचारला. म्हणून आजचा लेख तिच्या प्रश्नासाठी. जपानी मिथकांवर बेतलेल्या तरुणांसाठीच्या फॅन्टसी प्रेमकथा नेमकं काय करतात, आणि त्या वाचताना मला काय सापडलं, ते सांगते.

आधी, ही पुस्तकं कुठली?

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात 'यंग अडल्ट' नावाचं एक कपाट असतं. साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी. प्रत्यक्षात तिथे पस्तिशीचे लोकही रेंगाळताना दिसतात, मीही त्यांतली. या कपाटात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जपानी वळणाच्या फॅन्टसी बऱ्याच आल्या. लाल तोरीई कमानी, देवळात सेवा करणाऱ्या मुली म्हणजे 'मिको', मायावी प्राणी म्हणजे 'योकाई', आणि हटकून एखादा 'कित्सुने', म्हणजे माणसाचं रूप घेणारा कोल्हा.

दोन उदाहरणं देते. अ‍ॅनेट मेरी यांची 'रेड विंटर' ही २०१६ ची कादंबरी. यातली एमी ही सूर्यदेवता अमातेरासूनं अंगात यावं म्हणून वाढवलेली मुलगी, आणि तिचा जीव जडतो तो शिरोवर, जो कोल्ह्याच्या जातीचा योकाई आहे. दुसरी, जूली कागावा यांची २०१८ ची 'शॅडो ऑफ द फॉक्स'. यातली युमेको अर्धी माणूस, अर्धी कित्सुने. तिच्याबरोबर प्रवास करणारा तात्सुमी एक शापित तलवार बाळगून आहे, जिच्यात राक्षस कोंडलेला आहे. ती त्याच्यापासून आपलं कोल्हीपण लपवते, तो तिच्यापासून आपल्या तलवारीची भूक लपवतो.

वरवर पाहिलं तर वाटतं, जपानी सजावट लावली आणि आत नेहमीचीच प्रेमकथा भरली. काही पुस्तकांबाबत ते खरंही आहे. पण त्यांतल्या बऱ्या पुस्तकांमध्ये एक प्रसंग कुठे ना कुठे येतोच. एकाचं खरं रूप दुसऱ्याला दिसतं. आता तो किंवा ती काय करणार? हा प्रसंग लेखकांनी हवेतून आणलेला नाही. त्याला तेराशे वर्षांचा इतिहास आहे.

पहिलं लग्न, पहिला घटस्फोट

'कोजिकी' म्हणजे 'प्राचीन गोष्टींची नोंद'. इसवी सन ७१२ मध्ये ओ नो यासुमारो नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं ती लिहून सम्राज्ञी गेम्मेईला सादर केली. हिएदा नो आरे या पाठांतर असलेल्या व्यक्तीच्या तोंडून त्यानं ती उतरवून घेतली होती. आज हातात असलेलं जपानमधलं सगळ्यात जुनं पुस्तक ते हेच.

त्यात इझानागी आणि इझानामी हे देवांचं जोडपं आहे. दोघं एका खांबाभोवती उलट दिशांनी फिरून समोरासमोर येतात आणि लग्न करतात. समोर आल्यावर इझानामी आधी बोलते, त्याचं कौतुक करते. मग मूल होतं ते नीट वाढ न झालेलं, त्याला बोरूच्या होडीत घालून सोडून देतात. वरचे देव कौल लावून सांगतात, बाई आधी बोलली म्हणून असं झालं. दोघं परत खांबाभोवती फिरतात, या वेळी तो आधी बोलतो, आणि मग जपानची बेटं जन्माला येतात. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिनं फक्त डोळे फिरवले. त्यावर मी काय बोलणार?

पुढे अग्निदेवाला जन्म देताना इझानामी भाजून मरते. इझानागी तिला आणायला 'योमी' या मृतांच्या देशात जातो. ती दारापाशी येते आणि म्हणते, उशीर केलास, मी इथलं अन्न खाल्लंय. तरी मी इथल्या देवांशी बोलून बघते, तोवर माझ्याकडे बघू नकोस. तो बराच वेळ वाट बघतो. मग केसांतल्या फणीचा एक दात मोडतो, पेटवतो आणि बघतो. तिच्या अंगात अळ्या वळवळताहेत, आठ गडगडणारे वीजदेव तिच्या शरीरावर बसलेत.

तो पळतो. ती म्हणते, तू मला लाज आणलीस. ती त्याच्यामागे योमीच्या कुरूप बाया सोडते. तो डोक्यावरची वेल फेकतो, तिची द्राक्षं होतात. फणी फेकतो, तिचे बांबूचे कोंब होतात. बाया खात बसतात. मग ती पंधराशे सैनिक पाठवते, त्यांना तो तीन पीच फळं मारून परतवतो. शेवटी ती स्वतः येते. तेव्हा तो हजार माणसांनी ओढावी अशी धोंड योमीच्या चढणीवर लावतो आणि धोंडीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं काडीमोड घेतात. ती म्हणते, तुझ्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. तो म्हणतो, मग मी रोज पंधराशे बाळंतिणींच्या खोल्या बांधीन.

बाहेर आल्यावर तो नदीवर जाऊन आंघोळ करतो. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर करतात तशीच, विटाळ धुवायला. डावा डोळा धुताना सूर्यदेवता अमातेरासू जन्मते, उजवा धुताना चंद्रदेव त्सुकुयोमी, आणि नाक धुताना सुसानोओ. म्हणजे जपानच्या सगळ्यात मोठ्या देवता या भांडणानंतर जन्मल्या आणि त्यांच्या जन्मात आईचा काही वाटा नाही. सुसानोओ मात्र दाढी छातीपर्यंत आली तरी रडत राहतो. कारण विचारलं तर सांगतो, मला आईच्या देशात जायचंय.

एक गंमत सांगते. बेसिल हॉल चेंबरलेन या विद्वानानं १८८२ मध्ये 'कोजिकी'चं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा शरीराचे उघड उल्लेख असलेला मजकूर त्यानं इंग्रजीत आणलाच नाही, लॅटिनमध्ये घातला. सामान्य वाचकानं बघू नये म्हणून. गोष्टीतली अट थेट भाषांतरापर्यंत पोचली म्हणायची!

तीच अट, पुन्हा पुन्हा

ही कथा एकटी असती तर मी तिच्यावर चॅप्टर लिहिला नसता. पण 'कोजिकी'तच पुढे होओरी नावाचा तरुण समुद्राच्या तळाशी जातो आणि समुद्रदेवाची मुलगी तोयोतामाहिमे हिच्याशी लग्न करतो. ती बाळंतपणाला किनाऱ्यावर येते. पाणकावळ्याच्या पिसांनी शाकारलेली खोली अजून पुरी झालेली नसते. ती सांगते, परक्या देशातली बाई बाळंत होताना आपल्या मूळ रूपात जाते, तू बघू नकोस. तो डोकावतो. आत एक अजस्र 'वानी' सरपटत असते. वानी म्हणजे मगर की शार्क, यावर अजून वाद आहे. ती शरमेनं मूल तिथेच ठेवून समुद्राची वाट कायमची बंद करते. पण मुलाला सांभाळायला बहिणीला पाठवते, आणि दोघं एकमेकांना कविताही धाडतात. त्यांचा नातू म्हणजे पहिला सम्राट जिम्मू.

मग लोककथा घ्या. जखमी करकोचाला एक माणूस वाचवतो, ती पक्षीण बाई होऊन त्याच्या घरी येते, दार लावून कापड विणते आणि म्हणते, आत बघू नकोस. तो बघतो. आत करकोचा आपलीच पिसं उपटून विणतोय. ती उडून जाते. किनोशिता जुंजी यांनी १९४९ मध्ये यावर 'यूझुरू' हे नाटक लिहिलं, ते जपानमध्ये फार गाजलं.

हा प्रकार फक्त जपानी नाही. लोककथांचे घटक वर्गवार लावणारी स्टिथ थॉम्प्सन यांची मोठी सूची आहे, त्यात 'बघण्याची बंदी' असा स्वतंत्र गटच आहे. आपल्याकडे उर्वशी पुरूरव्याला अट घालते की तू मला विवस्त्र दिसता कामा नयेस, गंधर्व वीज चमकवतात आणि ती निघून जाते. गंगेची शंतनूला अट आहे प्रश्न न विचारण्याची, तिचाही शेवट तोच.

जपानी कथांचं वेगळेपण काय, हे हायाओ कावाई या मानसोपचारतज्ज्ञानं १९८२ च्या पुस्तकात मांडलं. ब्लूबिअर्डसारख्या युरोपीय कथेत बंद खोली उघडते ती बायको, आणि शिक्षा द्यायला येतो नवरा. जपानी कथेत बघतो पुरुष, आणि त्याला शिक्षा होत नाही. बाई निघून जाते आणि तो रिकाम्या माळावर उभा राहतो. उरते ती हुरहुर. कावाईंच्या मते जपानी मनाला हे सौंदर्य वाटतं.

कावाई वाचून मी भारावले होते, खोटं कशाला बोलू. पण इझानामीची गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा खटकायला लागलं. तिथे हुरहुर कुठे आहे? ती तर सैन्य घेऊन मागे लागते! या तीन गोष्टी मी शेजारी शेजारी मांडल्या. इझानामी पाठलाग करते आणि रोज हजार माणसं मारायची धमकी देते. तोयोतामाहिमे वाट बंद करते, पण बहिणीला पाठवते. करकोची काहीच म्हणत नाही, उडून जाते. काळाच्या हिशेबात ही सरळ रेघ नाही, पहिल्या दोन तर एकाच पुस्तकातल्या. तरी मांडणी बघा. बाईचा राग कमी कमी होत जातो आणि गोष्ट अधिकाधिक 'सुंदर' होत जाते. लाज मात्र तिन्हीकडे तिचीच.

भाचीचा प्रश्न आठवला?

बघितलं, आणि पळाला नाही

आता कादंबऱ्यांकडे येऊ. भाचीनं उचललेलं पुस्तक होतं ओगिवारा नोरिको यांचं 'ड्रॅगन स्वोर्ड अँड विंड चाइल्ड'. मूळ जपानी नाव 'सोराइरो मागातामा', म्हणजे 'आकाशी मागातामा'. मागातामा हा स्वल्पविरामाच्या आकाराचा प्राचीन मणी. सम्राटाच्या तीन पवित्र वस्तूंत आरसा आणि तलवारीबरोबर असाच मणी असतो. ओगिवारांची ही पहिली कादंबरी १९८८ मध्ये आली. कॅथी हिरानो यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९९३ मध्ये आलं. याच हिरानोबाईंनी पुढे मारी कोंदोंच्या घर आवरण्याच्या जगप्रसिद्ध पुस्तकाचंही भाषांतर केलं, तेव्हा त्यांचं वाक्य तुम्ही वाचलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

ओगिवारांनी केलं काय, तर इझानागी-इझानामीचं भांडण मिटलंच नाही असं धरलं. त्यांच्या कादंबरीत प्रकाशाचा देव आणि अंधाराची देवी हे एकेकाळचं जोडपं आहे. प्रकाशाची मुलं अमर आहेत. तेरुही आणि त्सुकिशिरो, म्हणजे सूर्य आणि चंद्र, पृथ्वीवरच्या लहान-लहान देवतांना संपवत निघालेत. अंधाराची माणसं मरतात आणि पुन्हा जन्म घेतात. पंधरा वर्षांची साया प्रकाशाच्या मुलखात वाढलीय, प्रकाशावर तिची भक्ती आहे. आणि एके दिवशी तिला कळतं की ती स्वतः अंधाराची आहे.

तरी ती त्सुकिशिरोच्या महालात जाते. तिथे तिला तिसरं भावंड सापडतं, चिहाया. बांधून ठेवलेला. बाकीच्या दोघांच्या चकचकीत घरात न शोभणारा. आईच्या देशासाठी रडणारा सुसानोओ आठवा, चिहाया त्याच्यावरूनच घडलाय. ज्याला कुणी बघू नये म्हणून आत ठेवलंय, त्याला साया बघते. आणि ती पळत नाही. म्हणजे पळते, पण त्याला बरोबर घेऊन! पुढचं सांगत नाही, वाचा.

मिथकातली मांडणी इथे उलटी झाली, लक्षात आलं का? लपलेली बाई आणि बघणारा पुरुष, याऐवजी लपवलेला मुलगा आणि बघणारी मुलगी. आणि बघणं हा गोष्टीचा शेवट न राहता सुरुवात झाली.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. मियाझाकींचा २००१ चा 'स्पिरिटेड अवे' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तिथेही परक्या जगातलं अन्न खायचा प्रश्न आहे, फक्त उलटा. चिहिरोनं खाल्लं नाही तर ती नाहीशी होईल. रक्तबंबाळ झालेला ड्रॅगन म्हणजेच हाकू, हे ती ओळखते आणि त्याला बिलगते, त्याच्यापासून पळत नाही. शेवटी हाकू तिला सांगतो, बोगद्याबाहेर पडेपर्यंत मागे बघू नकोस. ती बघत नाही. इझानागीला जे जमलं नाही ते दहा वर्षांच्या मुलीला जमतं. 'शॅडो ऑफ द फॉक्स'मध्ये तर दोघांकडेही लपवण्यासारखं आहे, त्यामुळे दोघांनाही भीती सारखीच, आणि एकमेकांना बघण्याची पाळीही दोघांवर येते.

माझं गृहीतक तयार झालं होतं: जुनी मिथकं म्हणतात, बघितलं की संपलं. नव्या प्रेमकथा म्हणतात, बघितल्यावर थांबलास तर ते प्रेम. मी खूश होते. चॅप्टर लिहून गाइड मॅडमना पाठवला.

मॅडमची शंका

मॅडमनी मार्जिनमध्ये एकच ओळ लिहिली: "हे 'ब्यूटी अँड द बीस्ट' नाही का?"

झालं. शंका रास्त होती. भयंकर दिसणाऱ्याकडे बघून न पळणारी मुलगी, ही गोष्ट फ्रान्समध्ये १७४० मध्ये व्हिलनव्हबाईंनी लिहिली आणि १७५६ मध्ये बोमाँबाईंनी थोडक्यात सांगितली, ती जगभर गेली. इंग्रजी प्रेमकथांचा तो जुनाच साचा. मग जपानी मिथकावर बेतलेल्या कादंबऱ्यांत उलटलेला प्रसंग हा जपानी म्हणायचा की फक्त पाश्चात्त्य साच्यावर चढवलेला किमोनो? हे ठरल्याशिवाय माझा अर्धा थिसिस हवेत होता.

दोन महिने मी जुने कथासंग्रह चाळत बसले. उत्तर सापडलं ते 'निहोन र्‍योइकी'त. क्योकाई नावाच्या बौद्ध भिक्षूनं नवव्या शतकाच्या सुरुवातीला जमवलेल्या चमत्कारकथा आहेत या. त्यातल्या दुसऱ्याच कथेत मिनो प्रांतातला एक माणूस बायको शोधायला निघतो, त्याला रानात एक बाई भेटते, दोघं लग्न करतात, मुलगा होतो. त्याच वेळी घरातल्या कुत्रीलाही पिल्लू होतं. ते पिल्लू बायकोवर सारखं गुरगुरतं. ती म्हणते, याला मारून टाक. नवऱ्याला पिल्लाची दया येते, तो मारत नाही. एके दिवशी धान्य कांडणाऱ्या बायकांना खाऊ द्यायला ती कांडपाच्या खोपटात जाते आणि कुत्रं तिच्यावर धावून येतं. घाबरून ती कोल्ही होते आणि कुंपणावर चढून बसते.

नवरा बघतो. सगळं दिसलंय त्याला. बायको कुंपणावर, शेपटीसकट.

आणि तो म्हणतो, आपल्यात एक मूल आहे, मी तुला विसरणार नाही. येत जा, इथे झोपत जा. ती त्याचं ऐकते, येते, झोपते. 'ये' आणि 'झोप' यासाठीच्या जुन्या शब्दांवरून म्हणे 'कित्सुने' हा शब्द झाला. ही लोकव्युत्पत्ती आहे, भाषाशास्त्र म्हणून घेऊ नका. पण बघा ना, कोल्ह्याच्या नावाचा अर्थ लावताना त्या काळच्या लोकांना 'फसवी' किंवा 'मायावी' सुचलं नाही, 'घरी ये' सुचलं. कथेच्या शेवटी ती एकदा लाल रंगाचं वस्त्र नेसून डौलात निघून जाते आणि तो तिच्यासाठी झुरतो. पण तिला हाकललं कुणी नाही आणि तिच्या वाटेवर धोंडही कुणी लावली नाही. मुलाचं नावही कित्सुनेच ठेवलं, आणि त्याच्या वंशजांचं ते आडनाव झालं.

पुढे १७३४ च्या एका गाजलेल्या बाहुलीनाट्यात कोल्ही कुझुनोहा येते, प्रसिद्ध ज्योतिषी आबे नो सेइमेईची आई. गुपित फुटल्यावर तीही जाते. काबुकीत कडेवर मूल आणि तोंडात कुंचला धरून ती दाराच्या कागदावर निरोप लिहिते. पण नवरा मुलाला घेऊन तिला शोधायला शिनोदाच्या रानात जातो. ती कोल्ही आहे हे माहीत असताना जातो.

म्हणजे 'बघूनही न पळणं' ही जपानी परंपरेतलीच दुसरी धार आहे, आणि ती फ्रेंच कथेपेक्षा नऊशे वर्षं जुनी आहे. शिवाय एक महत्त्वाचा फरक आहे. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये शेवटी पशूचा देखणा राजपुत्र होतो. प्रेमाचं बक्षीस म्हणून वेगळेपण नाहीसं होतं. मिनोची बायको कोल्हीच राहते. आता मी कुठलीही नवी कादंबरी हातात घेतली की आधी हेच तपासते: शेवटी कोल्ह्याची शेपटी शिल्लक आहे का? कुठला साचा वापरलाय ते यावरून बरंच कळतं.

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं. लिही." एवढंच. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

धोंडीपलीकडे कोण?

तरीही भाचीच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहतोच. कोंडून कोण राहिलं?

'कोजिकी' हे नुसतं गोष्टींचं पुस्तक नाही. सम्राटाचं घराणं अमातेरासूपासून आलं हे सांगणं, हे त्याचं एक काम होतं. बरीच शतकं ते पुस्तक थोड्याच लोकांनी वाचलं. मोतोओरी नोरिनागा या विद्वानानं पस्तीसएक वर्षं खपून १७९८ मध्ये त्यावरचं चव्वेचाळीस भागांचं भाष्य पुरं केलं आणि ते पुन्हा केंद्रस्थानी आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत शाळेत या देवकथा इतिहास म्हणून शिकवल्या गेल्या. प्रकाशाचा वंश आणि त्यानं जिंकलेली भूमी, ही गोष्ट तेव्हा फक्त गोष्ट नव्हती.

ओगिवारांनी नायिका निवडली ती अंधाराच्या बाजूची. जिंकणाऱ्या अमरांची नाही, तर मरणाऱ्यांची, धोंडीपलीकडच्या आईच्या लेकरांची. आणि अंधाराला त्यांनी वाईट ठरवलं नाही. ज्यांना मरण माहीतच नाही त्यांना दया कशी कळेल, हा प्रश्न ती कादंबरी विचारते. पंधरा वर्षांच्या वाचकाला हे राजकारण दिसणार नाही कदाचित. पण 'मी ज्यांच्यासारखी व्हायला धडपडतेय, त्यांच्यात मी बसतच नाही' ही सायाची अवस्था तिला नक्की कळते. त्यासाठी जपानी असावं लागत नाही.

म्हणून या पुस्तकांना 'नुसत्या लव्हस्टोऱ्या' म्हटलं की मला आता थोडा राग येतो. प्रेमकथा हा एकच साहित्यप्रकार आहे जो हा प्रश्न पुन्हा पुन्हा, न कंटाळता विचारतो की मी जशी आहे तशी दिसले तर समोरचा काय करेल. आपल्याकडे 'मुलगी बघायला येणं' हा शब्दप्रयोग अजून चालतो. त्यात बघणारा कोण आणि नीट दिसायची जबाबदारी कुणाची, हे मी तुम्हाला सांगायला नको.

भाचीला मी शेवटी काय उत्तर दिलं? म्हटलं, इझानामीला लाज का वाटली याचं कारण कोजिकी देत नाही. पण तिचा राग मात्र पुसून टाकत नाही, तो तेराशे वर्षं पुस्तकात जसाच्या तसा आहे. आणि त्यानंतर कितीतरी जणांनी ती गोष्ट परत सांगून बघितलीय, कारण त्यांनाही तुझ्यासारखंच खटकलं असणार.

तिनं ऐकून घेतलं आणि पुस्तक बॅगेत टाकलं. जाताना माझी प्रत घेऊन गेली, माझ्या पेन्सिलच्या खुणांसकट. मागच्या आठवड्यात तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला: "संपलं. आता ती कोल्हीवाली गोष्ट कुठे मिळेल?"

'निहोन र्‍योइकी' मराठीत आणायचं कुणाच्या मनात असेल तर जरूर सांगा. तोवर मी तिच्यासाठी ती एक कथा मराठीत लिहून काढतेय. कांडपाच्या खोपटापर्यंत आलेय. आता ती कुंपणावर चढेल.